एक राक्षस म्हणजे किती माणसे?

१९७१ साली अमेरिकेत ‘चेनमेल’ नावाची एक नियमपुस्तिका प्रसिद्ध झाली. लेखक दोघे, गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन; विषय, मध्ययुगीन लढाया टेबलावर शिशाच्या सैनिकांनी कशा खेळाव्यात. तिचा हिशेब असा होता : टेबलावरची एक पुतळी म्हणजे रणांगणावरचे वीस सैनिक, एक इंच म्हणजे दहा यार्ड, एक डाव म्हणजे एक मिनिट. पुस्तिकेच्या शेवटी एक पुरवणी होती आणि तिच्यात जादूगार, ड्रॅगन, ओगर, जायंट असे सगळे अद्भुत प्राणी होते. त्यांची ताकद सांगण्याची रीत अगदी सरळ होती. ‘हीरो’ चार माणसांच्या बरोबरीने लढतो, ‘सुपरहीरो’ आठांच्या. साध्या सैनिकांशी गाठ पडली की ओगर सहा जड पायदळांइतका मोजायचा, जायंट बारांइतका. आणि तितके घाव बसल्यावाचून ते पडत नाहीत. तीन वर्षांनी या पुरवणीच्या आधाराने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा पहिला प्रकाशित रोल-प्लेइंग गेम आला, ज्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो आणि एक जण डन्जन मास्टर होऊन जग चालवतो. तेव्हापासूनच्या पन्नास वर्षांत या खेळातले राक्षस अफाट वाढले, आणि मोठी लढाई मात्र त्यात नीट बसवता आली नाही. या दोन गोष्टींचे मूळ एकच आहे, असे माझे म्हणणे आहे. जुन्या युद्धखेळातले सैन्य या नव्या खेळात वीराच्या आणि राक्षसाच्या अंगात मुरले. त्यामुळे ते पुन्हा मैदानात उभे करायला गेले की एकच सैन्य दोनदा मोजले जाते, आणि हिशेब फसतो.

एक पुतळी म्हणजे किती माणसे, हा प्रश्न युद्धखेळाइतकाच जुना आहे. भारतातल्या चतुरंगातून निघालेल्या बुद्धिबळात प्रत्येक मोहरे सैन्याच्या एका अंगाचे प्रतीक असते. तिथे संख्येचा प्रश्नच येत नाही. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये योहान हेलविग याने बुद्धिबळाचा पट वाढवून, त्यावर डोंगर-नद्या आणून सैनिकी डावपेच शिकवणारा खेळ रचला. मग प्रशियात रायस्विट्झ पितापुत्रांनी चौकटीच मोडून टाकल्या. मुलाने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये १:८००० प्रमाणाचा नकाशा होता, दोन मिनिटांचा डाव होता, फासे होते आणि दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा पंच होता. ठोकळा म्हणजे एक तुकडी. तिची किती हानी झाली याची नोंद पंच ठेवी. दुसऱ्या टोकाला एच. जी. वेल्सचा १९१३ चा ‘लिटल वॉर्स’ : तिथे खेळण्यातला सैनिक म्हणजे एकच सैनिक, आणि स्प्रिंगच्या तोफेने तो खरोखर पाडायचा. या दोन टोकांच्या मधे पुढचे सगळे युद्धखेळ कुठे ना कुठे उभे राहिले. प्रमाण निवडणे म्हणजे काय पाहायचे आणि काय सोडून द्यायचे हे ठरवणे. तुकडी पाहणाऱ्याला त्यातला शिपाई दिसत नाही, आणि शिपाई पाहणाऱ्याला आघाडी कुठे वाकली ते कळत नाही.

रोल-प्लेइंग गेम जन्मला तो या प्रमाणाच्या घसरणीतून. १९६९ मध्ये मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली याने ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा डाव मांडला. नेपोलियनकालीन लढाईच्या आधी त्याने खेळाडूंना तुकड्या देण्याऐवजी गावातल्या एकेका माणसाची भूमिका दिली. लढाई बाजूला राहिली आणि खेळाडू एकमेकांशी बोलत, कट रचत बसले. वेसलीच्याच खेळमंडळातल्या डेव्ह अर्नेसनने हाच धागा धरून ‘ब्लॅकमूर’ उभे केले : किल्ल्याखालची भुयारे, त्यातले राक्षस, आणि आठवड्यामागून आठवडा तीच पात्रे घेऊन उतरणारे खेळाडू. लढायचे नियम त्याने सुरुवातीला ‘चेनमेल’चे घेतले. ‘चेनमेल’च्या पुरवणीतल्या कल्पनाही पूर्णपणे गायगॅक्सच्या नव्हत्या. १९७० मध्ये लेनर्ड पॅट याने टोल्कीनच्या जगासाठी छापलेल्या त्रोटक नियमांत वीर, ड्रॅगन आणि अग्निगोल येऊन गेले होते, हे इतिहासकार जॉन पीटरसन यांनी अलीकडे दाखवून दिले आहे. श्रेयाचा वाद इथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की या सगळ्यांनी वीराचे मोल साध्या सैनिकांच्या संख्येत मांडले, कारण त्यांच्यासमोर टेबलावर सैन्य उभे होते आणि वीराला त्याच सैन्यात लढायचे होते.

१९७४ च्या जानेवारीत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाहून गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या हजार प्रती काढल्या. तीन छोट्या पुस्तिकांचा तो संच आज उघडला तर सैन्याच्या खुणा पानोपानी दिसतात. अनुभवाने वर चढणाऱ्या योद्ध्याच्या चौथ्या पातळीचे नाव आहे ‘हीरो’, आणि त्याला आयुष्य मोजण्यासाठी चार फासे मिळतात. आठव्या पातळीचे नाव ‘सुपरहीरो’, फासे आठ आणि वर दोन गुण. ‘चेनमेल’मधली चार आणि आठ माणसे अशी थेट पातळ्यांत आली आहेत. साध्या माणसाचे आयुष्य एक सहाबाजूंचा फासा, आणि तलवार असो की खंजीर, कुठल्याही घावाचे नुकसानही तोच सहाबाजूंचा फासा. म्हणजे एक फासा हे एका माणसाचे माप होते. ज्याला ‘हिट डाइस’ म्हणतात तो मुळात माणसे मोजण्याचा आकडा आहे. ऑर्क किती संख्येने भेटतात, याच्या रकान्यात ३० ते ३०० असे लिहिले आहे. गॉब्लिन ४० ते ४००. चार-पाच मित्र भुयारात उतरतात अशा खेळाला हा आकडा विचित्र वाटतो. सैन्य घेऊन मोहिमेवर निघणाऱ्याला मुळीच नाही. अंतर इंचांत, आणि तो इंच भुयारात दहा फुटांचा, उघड्यावर दहा यार्डांचा. ‘चेनमेल’चा एक मिनिटाचा डावही पुढे खेळाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत लढाईची फेरी म्हणून टिकला. एका मिनिटात दोन पलटणी भिडतात हे पटते. दोन माणसांनी एका मिनिटात एकमेकांवर एकेकच निर्णायक वार करावा, हे समजावून सांगायला गायगॅक्सला १९७९ मध्ये बरीच जागा खर्चावी लागली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. हिट पॉइंट, म्हणजे हिट डाइस टाकून मिळणारे आयुष्याचे गुण, सैन्यातून आलेच नाहीत, जहाजांतून आले, असे खुद्द अर्नेसनने पुढे मुलाखतींत सांगितले. ‘चेनमेल’च्या नियमाने एका घावात पात्र मरे आणि खेळाडू हिरमुसत, म्हणून त्याने अमेरिकी यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांच्या आपल्या खेळातून चिलखताचा दर्जा आणि नुकसान सोसण्याची क्षमता या दोन कल्पना उचलल्या. हे मी खरे मानतो, आणि त्याने माझा मुद्दा उलट पक्काच होतो. जहाज म्हणजे काय? शेकडो माणसे आणि कित्येक तोफा ज्यात एकत्र बांधल्या आहेत असा एक देह. दहा गोळे लागले तरी जहाज बुडत नाही, कारण ते एका जिवावर चालत नाही. हा नियम एका माणसाला लावताच तो माणूस हिशेबात अनेक माणसांचा होतो. दुसरा आक्षेप गायगॅक्सच्याच बाजूने येतो : हिट पॉइंट म्हणजे रक्तमांस नव्हे, कौशल्य, नशीब आणि दैवी कृपा यांची ती बेरीज आहे. पात्राच्या बाबतीत हे स्पष्टीकरण चालते. पण जायंटने बारा माणसांचे घाव सोसायचे, यात नशीब कुठे येते? आणि वीर व जायंट दोघांनाही एकाच मापाने मोजायचे असेल, तर ते माप मुळात संख्येचे होते हेच मानावे लागते.

आता अनेक माणसे एका देहात कोंबली की नेमके काय होते, ते नीट पाहायला हवे. १९१४ मध्ये ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने सैन्यबळाचा एक नियम मांडला. दोन्ही बाजूंचा प्रत्येक जण शत्रूवर मारा करू शकत असेल, तर बळ संख्येच्या वर्गाने वाढते. समान दर्जाचे २०० आणि १०० सैनिक भिडले, तर शंभरांचा सफाया होईपर्यंत दोनशेंपैकी सुमारे १७३ उरतात. कारण सोपे आहे : जो पडतो त्याचा मारा थांबतो. जायंटचा मारा मात्र थांबत नाही. बारा माणसांपैकी सहा पडली की सहांचाच मारा उरतो. जायंटला सहा घाव बसले तरी तो बारांच्या जोराने मारत राहतो. हाच हिशेब पुढे नेला तर बारांच्या किमतीचा जायंट प्रत्यक्षात सुमारे सतरा माणसांना भारी पडतो. म्हणजे एका देहात कोंबल्यामुळे, दुसरे काहीही न बदलता, ताकद जवळपास दीडपट झाली. ‘चेनमेल’चा हीरो तर याहून पुढचा : त्याला मारायला चार घाव एकाच वेळी बसावे लागत. चौरस आखलेल्या पटावर माणसाएवढ्या देहाभोवती आठच जण उभे राहू शकतात, त्यामुळे हजारांची फौज वीरापुढे आठ-आठांच्या रांगा बनून येते, आणि तिचा हजारपणा धनुष्यबाण नसतील तर वाया जातो. देहाची एक उणी बाजूही आहे. बारा माणसे बारा ठिकाणी जाऊ शकतात, बारा वेगळ्या गोष्टी करू शकतात. एकटा राक्षस एका पाळीत एकाच जागी असतो. खेळाडू याला ‘ॲक्शन इकॉनॉमी’ म्हणतात. पाच पात्रांनी एका भल्यामोठ्या ड्रॅगनला दोन-तीन फेऱ्यांत लोळवले अशी तक्रार ऐकू येते ती यामुळेच, आणि म्हणूनच २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बलाढ्य राक्षसांना इतरांच्या पाळीनंतर जादा कृती करण्याची मुभा दिली गेली. एकाच देहाला पुन्हा अनेक जणांच्या पाळ्या वाटून देण्याचाच हा प्रकार आहे.

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत माणूस आणि फासा यांची नाळ तुटली. राक्षसांचे फासे आठबाजूंचे झाले, हत्यारांचे नुकसान वेगवेगळे झाले, राक्षसांना एका फेरीत अनेक वार मिळाले. आकडे आता माणसांत मोजलेले राहिले नाहीत, आणि मग त्यांना वर जायला काही अडसरही उरला नाही. १९७६ च्या एका पुरवणीत देवांनाही हिट पॉइंट दिले गेले. त्यात ग्रीक आणि नॉर्स देवांबरोबर आपले इंद्र, अग्नीही आहेत. पुस्तकाच्या प्रस्तावनेत संपादक टिम कास्क यांनी हेतू सांगितला आहे : चव्वेचाळिसाव्या पातळीच्या पात्रांची बढाई मारणाऱ्यांना त्यातला फोलपणा दिसावा. परिणाम उलट झाला. आकडा दिला की तो उतरवता येतो, आणि देव हा आणखी एक राक्षस ठरतो. त्या काळच्या साहसकथांतली लॉल्थ ही कोळ्यांची देवी ६६ हिट पॉइंटची होती. अतिवृद्ध लाल ड्रॅगनचे जास्तीत जास्त ८८. १९८३ मध्ये टॅरास्क हा महाराक्षस ३०० घेऊन आला. तिसऱ्या आवृत्तीतल्या अतिवृद्ध लाल ड्रॅगनचे झाले ५२७, पाचव्या आवृत्तीत ५४६, टॅरास्कचे ६७६. साध्या माणसाचे आयुष्य या सगळ्या काळात चार-पाच गुणांच्या आसपासच राहिले.

खेळाच्या जनकांना सैन्य विसरायचे नव्हते. १९७४ च्या नियमांत नवव्या पातळीला पोचलेला योद्धा ‘लॉर्ड’ होतो, गढी बांधतो, मुलूख राखतो. पुढे ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये त्याच्याकडे सैनिक आपणहून येऊ लागतात. सैन्यातून सुटलेला वीर शेवटी सैन्याचा धनी व्हावा, अशी ही योजना होती. ती सिद्धीला न्यायला १९७६ मध्ये गायगॅक्सने ‘स्वोर्ड्स अँड स्पेल्स’ लिहिले. साध्या सैनिकांची एक पुतळी म्हणजे दहा जण, आणि फासे नाहीत : कोणत्या पातळीचे सैन्य कोणत्या चिलखतावर सरासरी किती नुकसान करते याची कोष्टके. गणित म्हणून हे बिनचूक आहे. शंभर माणसांनी शंभर फासे टाकले तर निकाल सरासरीच्या जवळच येणार, मग टाकायचे कशाला? पण याच ठिकाणी मला या संपूर्ण इतिहासातली सर्वांत खरी अडचण दिसते. एका माणसाचा फासा हे त्याचे दैव असते. दोनशे माणसांच्या फाशांची बेरीज हे केवळ कोष्टक. वीराला दैव हवे, सैन्याला सरासरी. एकाच टेबलावर दोन्ही मांडली की वीराची पाळी आली म्हणजे सगळे पुढे झुकतात आणि सैन्याची आली म्हणजे हिशेबनीस होतात. १९८४ च्या ‘वॉर मशीन’ने दोन सैन्यांचे गुण काढून शंभरापर्यंतचा फासा टाकायचा एवढाच मार्ग ठेवला, लढाई पाच मिनिटांत संपे, आणि तिच्यात कोणी लढलेले नसे. १९८५ चे डग्लस नाइल्स यांचे ‘बॅटलसिस्टम’ अधिक प्रामाणिक होते. पुतळ्या, तुकड्या, शिस्त, पळापळ, आणि वीरांना एकास एक प्रमाणाची वेगळी पुतळी. त्यात मेहनत होती, ‘ब्लडस्टोन पास’सारखी साहसकथाही त्यासाठी लिहिली गेली. तरी तिथेही तोच पेच : तुकडीची ताकद हिट डाइसवरून काढायची, आणि वीराचे हिट डाइस तर आधीच तुकडीएवढे. पुढे २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत अनुयायी मिळवणे हे ऐच्छिक कौशल्य होऊन बसले, आणि चौथ्या आवृत्तीच्या मूळ नियमांत तेही राहिले नाही.

अग्निगोलाचे उदाहरण या पेचावर सर्वांत स्वच्छ प्रकाश टाकते. ‘चेनमेल’मध्ये जादूगाराचा अग्निगोल हा मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्यासारखा धरला होता, जादूगार म्हणजे एक तोफखानाच. १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांत गायगॅक्सने उघड्यावर जादूचा पल्ला यार्डांत मोजू दिला, पण तिच्या प्रभावाचे क्षेत्र फुटांतच राहील अशी ताकीद दिली. कारण उघड आहे : लांबी तिपटीने वाढली तर क्षेत्र नऊपट होते, आणि एक जादूगार एका मंत्रात पलटण जाळतो. प्रमाण बदलले तरी काही गोष्टींनी बदलायचे नाही, असा हुकूम काढावा लागला. ज्या जगात दहा फुटांचा इंच आणि दहा यार्डांचा इंच एकत्र नांदतात, तिथे हे अटळ होते.

इथे कोणी विचारेल की वॉरहॅमरचे काय? १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रायन ॲन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी काढलेल्या ‘वॉरहॅमर’ची पहिली आवृत्ती स्वतःला सामूहिक लढाईचा रोल-प्लेइंग गेमच म्हणवत होती, आणि वीर, राक्षस व पलटणी एका टेबलावर नांदवण्यात तो खेळ दीर्घकाळ यशस्वी ठरला. यश मला मान्य आहे. त्याची किंमत पाहावी. तिथला वीर गुणांच्या मोबदल्यात विकत घेतलेला सैन्याचा एक भाग असतो. तो मेला तर पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो, आणि त्याच्यासाठी कोणी शोक करत नाही. खेळाडू सेनापती असतो. ज्यांना त्याच जगात एका माणसाचे आयुष्य जगायचे होते त्यांच्यासाठी १९८६ मध्ये वेगळे नियम, वेगळे पुस्तक काढावे लागले. म्हणजे वॉरहॅमरने प्रश्न सोडवला तो प्रमाण एकदाच निवडून.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात हमखास येईल. एक वीर हजारांना भारी पडतो ही तर महाकाव्यांची रीतच आहे. उद्योगपर्वात भीष्म दोन्ही पक्षांतल्या रथी-अतिरथींची गणना करतो आणि कर्णाला अर्धरथी ठरवून त्याचा संताप ओढवून घेतो. एकटा दहा हजार धनुर्धरांशी झुंजतो तो महारथी, अशी परंपरेची व्याख्या आहे. ‘चेनमेल’चे चार आणि आठ हे त्याच जातीचे माप. मग खेळानेच संकोच का करावा? कारण महाकाव्याला निवड करता येते आणि ते ती सतत करते. कुरुक्षेत्रावर अकरा आणि सात अशा अठरा अक्षौहिणी उभ्या आहेत, पण कवी आपल्याला नेतो ते द्वंद्वाजवळ. पदाती मरतात ते एका श्लोकात, आणि कोणाच्या पाळीची वाट न पाहता. टेबलावरच्या खेळात प्रत्येक पदातीची पाळी कोणीतरी खेळायची असते. महाकाव्याची भव्यता हवी असेल तर त्याची निवडही घ्यायला हवी, आणि नेमकी तीच ‘बॅटलसिस्टम’सारख्या नियमांनी घेतली नाही.

ज्यांनी घेतली त्यांचे काम माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोलाचे आहे. ग्रेग स्टॅफर्डने १९७५ मध्ये ‘व्हाइट बेअर अँड रेड मून’ हा पटावरचा युद्धखेळ काढला, ज्यात पलटणी आणि अलौकिक वीर शेजारी-शेजारी लढत. त्याच्या ग्लोरँथा या जगासाठी स्टीव्ह पेरिन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘रूनक्वेस्ट’ लिहिला, तेव्हा पातळ्याच काढून टाकल्या. तिथला योद्धा वर्षानुवर्षे तरबेज होत जातो, पण त्याचा देह माणसाचाच राहतो. हातापायांना वेगळे घाव बसतात, आणि कितीही मोठा वीर पाठीमागून आलेल्या भाल्याने मरू शकतो. म्हणून तिथे शंभर भालाईत म्हणजे खरोखर शंभर भालाईत. पुढे १९८५ मध्ये आर्थर राजाच्या कथांवरच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये स्टॅफर्डने लढाईचा निकाल सेनानायकांच्या फाशांवर सोपवला आणि प्रत्येक सरदाराला फक्त त्याच्यासमोर आलेला शत्रू दिला. लढाईतल्या माणसाला लढाई दिसतच नाही. धूळ, समोरचा घोडा, शेजारचा मित्र एवढेच दिसते. हे जाणून लिहिलेला तो नियम आहे. वीस वर्षांनी, २००५ मध्ये, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’नेही ‘हीरोज ऑफ बॅटल’ या पुस्तकात हीच वाट धरली : पूल उडवा, निशाण परत आणा, तोफखाना बंद पाडा, त्यावर लढाईचे पारडे झुकेल.

त्याच सुमारास मुख्य खेळाचे माप मात्र कायमचे बदलले होते. २००० मध्ये ‘चॅलेंज रेटिंग’ आले. राक्षसाची ताकद आता साध्या माणसात मोजली जात नाही. ठरावीक पातळीच्या चार पात्रांना तो किती जड जाईल यावर ठरते. १९७१ मध्ये एकक होता शिपाई. २००० मध्ये एकक झाले चार वीरांची टोळी. मापातूनच शिपाई नाहीसा झाल्यावर सैन्य कशाने मोजणार? तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित रूपात अतिवृद्ध ड्रॅगनला जादू नसलेल्या हत्याराच्या प्रत्येक घावातून पंधरा गुणांची सूट होती. एक ते आठ गुणांचे नुकसान करणाऱ्या साध्या बाणाने त्याला जवळपास काहीच होत नसे, मग धनुर्धर दहा असोत की दहा हजार. २००५ मध्ये जमावालाच एक राक्षस समजून हिट पॉइंट द्यायचा नियम आला. १९७१ मध्ये राक्षस म्हणजे माणसांचा जमाव होता. आता माणसांचा जमाव म्हणजे राक्षस. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा तर्क टोकाला नेला : आठव्या पातळीचा ओगर १११ हिट पॉइंटचा, आणि अकराव्या पातळीच्या वीरांसमोर येणारा त्याचाच भाऊबंद ‘मिनियन’ म्हणून एका हिट पॉइंटचा. अनेकांना ही फसवणूक वाटली, कारण प्राणी तोच आणि आयुष्य मात्र पाहणाऱ्यावर अवलंबून. माझ्या मते चौथ्या आवृत्तीने इतरांनी झाकलेली गोष्ट उघडपणे मान्य केली : या खेळात ओगरचा आकडा कधीच त्याच्या देहाचा नव्हता, तो लढाईच्या प्रमाणाचा होता.

पाचव्या आवृत्तीने २०१४ मध्ये उलट दिशा घेतली. लक्ष्यवेधाचे आणि चिलखताचे आकडे पातळीबरोबर फार वाढू द्यायचे नाहीत, असे ठरले. याला ‘बाउंडेड ॲक्युरसी’ म्हणतात. परिणाम मोजून पाहावा. अतिवृद्ध लाल ड्रॅगनचे चिलखत २२. साधा धनुर्धर वीसबाजूंच्या फाशात ३ मिळवतो, म्हणजे १९ किंवा २० पडले की बाण लागतो. एका बाणाचे सरासरी नुकसान साडेपाच धरले आणि वीस पडल्यावर फासा दुप्पट होतो तेही धरले, तर ५४६ गुण उतरवायला सुमारे सातशे बाण लागतात. दोनशे धनुर्धर चार फेऱ्यांत, म्हणजे खेळातल्या चोवीस सेकंदांत, ड्रॅगन पाडतात. अर्थात तोवर ते त्याच्या आगीतून आणि दहशतीतून वाचले तर. गावाने ड्रॅगनला मारावे, वीरांवाचून मारावे, हे चाळीस वर्षांनी पुन्हा शक्य झाले. ड्रॅगनचा दरारा याने कमी होतो, असे म्हणणारे आहेत. मला तसे वाटत नाही. ज्या ड्रॅगनला सैन्य मारू शकते, तो सैन्याला का टाळतो, रात्रीच का येतो, कुरणे का जाळतो, हे प्रश्न अर्थपूर्ण होतात. ज्याला सैन्य मारूच शकत नाही त्याला डोक्याची गरजच नाही.

आणि तरीही मोठी लढाई मूळ नियमांत शिरली नाही. २०१५ आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी सामूहिक लढाईचे दोन वेगवेगळे प्रायोगिक नियम खेळाडूंपुढे ठेवले. दोन्ही मूळ नियमपुस्तकांत गेले नाहीत. डन्जन मास्टरच्या पुस्तकात उरले ते जमावाचे एक कोष्टक : फाशावर वीसच पडायला हवे असतील तर वीस जणांमागे एक घाव धरा. १९७६ च्या सरासरीची ती कोष्टकेच, फक्त आटोपशीर झालेली. २०२२ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ या युद्धकथांच्या जगावर नवी साहसकथा आली, तेव्हा तिच्यातल्या मोठ्या लढाया ‘वॉरियर्स ऑफ क्रिन’ नावाच्या स्वतंत्र बोर्ड गेमवर खेळायची सोय केली गेली. सैन्य एका खोक्यात आणि वीर दुसऱ्या पुस्तकात, अशी ही दोन वेगवेगळी प्रकाशने होती.